कापराच्या वासाची पेटी

सून घरात येऊन वर्ष होत आलं, पण तिनं सासूला अजून एक शब्दही उलट दिला नव्हता. शालनबाईंची तक्रार होती ती हीच.

गावात ही तक्रार सांगायची सोय नव्हती. सून ऐकत नाही म्हणून रडणाऱ्या बायका मोरघळात पायलीला पन्नास मिळत. सून फार ऐकते म्हणून कुरकुरणारी एकटी शालनबाईच. "तुला सुख टोचतंय गं," म्हणून बायका पदर तोंडाला लावून हसत. पण शालनबाईंना त्यातली मेख बरोबर दिसत होती. सानिका हो म्हणे आणि गप्प बसे. आमटी खारट झाली तर पाण्याचा तांब्या जवळ ओढी, पण मीठ जास्त झालं असं म्हणत नसे. दारात मोटार लावू नकोस म्हटलं, तर "हो आत्या." त्या खोऱ्यात सासूला आत्याच म्हणतात. भांडी घासायचं यंत्र माझ्या घरात नको म्हटलं, तरी "हो आत्या." विहिरीत धोंडा टाकावा आणि बुडुक असा आवाजही येऊ नये, तसं झालं होतं.

"अगं, भांडावं माणसानं," शालनबाई एकदा न राहवून म्हणाल्या होत्या. "घुसळल्याबिगर लोणी वर येतं का कधी? माझी सासू आणि मी रोज भांडायचो. म्हणून तर घर नांदलं."

"हो आत्या," सानिका म्हणाली होती.

शालनबाईंनी कपाळाला हात लावला. हो म्हणणारा एक नवरा पदरी होताच. नाना ओसरीवर रेडिओ लावून बसत आणि कुणी काही विचारलं की "शालन म्हणेल तसं" एवढं बोलत. मुलगा धैर्यशील बापावर गेला. आता देवानं सूनही तसलीच दिली.

पण ही गोष्ट शालनबाईंच्या परसात उतरलेल्या माश्यांची आहे, म्हणून आधी परसाकडे जाऊ.

शालनबाईंची परसबाग म्हणजे त्यांचा अभिमान. दोन-चार उन्हाळे असे काही तापले होते की खोऱ्यातल्या सातेरी माश्या, म्हणजे पोकळीत मोहोळ बांधणाऱ्या आपल्या साध्या गावठी मधमाश्या, हळूहळू दिसेनाशा झाल्या. मोठ्या शेतकऱ्यांनी पराग उडवणारी ड्रोनं भाड्यानं आणायला सुरुवात केली. सकाळी शेतावर घुंई करत ती फिरत आणि पिवळी धूळ उधळत. शालनबाईंनी त्यांचं नाव "पंखेवाल्या" ठेवलं आणि आपल्या कुंपणाच्या आत त्यांना पाऊल टाकू दिलं नाही. त्या स्वतः पहाटे उठत, भोपळ्याच्या वेलावरचं नर फूल खुडत, त्याच्या पाकळ्या मागे दुमडत आणि बुडाशी गोटीएवढं पिल्लू घेऊन बसलेल्या मादी फुलाला ते हलक्या हातानं टेकवत. एक झालं की दुसरं. काकडीचं तसंच, कारल्याचं तसंच. याला त्या "लग्नं लावणं" म्हणत.

"गावात कुणाच्या लग्नाला भटजी मिळत नाही," त्या कंबर धरून म्हणायच्या, "आणि हितं मी रोज उठून फुकट लग्नं लावतेय."

गुडघे आता बोलायला लागले होते. पण वेल दुसऱ्याच्या हाती द्यायचा स्वभाव नव्हता.

माघ सरत आला होता. अशाच एका सकाळी त्या वेलात वाकलेल्या असताना वरून आवाज आला. आधी त्यांना वाटलं पंखेवालीच. शिवी तोंडात तयार ठेवून त्यांनी मान वर केली, आणि शिवी तिथंच राहिली. आभाळात धूर फिरावा तसा माश्यांचा लोट फिरत होता. तो ओढ्यावरून आला, घरावरून एक वळसा घातला आणि रामफळाच्या खालच्या फांदीवर उतरायला लागला. बघता बघता फांदीला तपकिरी, हलता घोस लोंबकळला. माश्या माश्यांना धरून होत्या, आणि सगळा घोस एकच श्वास घेत असल्यासारखा फुगत होता, ओसरत होता.

शालनबाई चिखलातच उभ्या राहिल्या. डोळ्यांत पाणी आलं होतं, पण ते दिसायला तिथं कुणी नव्हतं, म्हणून त्यांनी ते येऊ दिलं.

मग त्यांनी हाक मारली. ती हाक ओढ्यापर्यंत गेली असणार.

"ए धैर्या! सानिके! अगं माझ्या दारात पाहुणे आलेत!"

*

पाहुण्यांना घर द्यायचं, तर ते शालनबाईंच्या पद्धतीनं. धैर्यशीलनं माळ्यावरची जुनी लाकडी मधपेटी खाली काढली. शालनबाईंनी ती घासली, पुसली, आणि मग नव्या घराची करतात तशी तिची साग्रसंगीत पूजा केली. हळदीकुंकवाची बोटं ओढली. झेंडूची माळ घातली. धूप फिरवला. शेवटी पेटीच्या आतच तबक ठेवून कापूर पेटवला आणि झाकण लावून घेतलं, म्हणजे घर आतूनही पवित्र व्हावं. मग पेटी रामफळापासून थोड्या अंतरावर, गोठ्याच्या सावलीत, दोन विटांवर ठेवली.

सानिका दारात उभी राहून बघत होती. कापूर पेटला तेव्हा तिचे ओठ उघडले.

"काय गं?" शालनबाईंनी विचारलं.

सानिकानं सासूच्या तोंडाकडं पाहिलं. इतक्या वर्षांत असा उजळलेला चेहरा गावानं पाहिला नसेल, तर तिनं कुठून पाहावा? तिचे ओठ मिटले.

"काही नाही आत्या. छान झालीये पूजा."

सानिका पुण्याच्या एका संशोधनसंस्थेत कामाला होती. काम घरूनच चालायचं. महिन्या-दोन महिन्यांतून एकदा ती मोटार घेऊन जायची, म्हणूनच ती दारात लावण्यावरून तंटा व्हायचा होता, जो झाला नाही. तिच्या कामाची वस्तू शालनबाईंनी आजवर ढुंकून पाहिली नव्हती. त्या दिवशी दुपारी सानिकानं ती बाहेर काढली आणि रामफळाखाली तिपाईवर मांडली. जेवणाच्या डब्याएवढा डबा, त्याला दोन बारीक डोळे आणि केसासारखी एक तार. तार तिनं अलगद घोसात सोडली.

"हे काय करतीस? टोचशील त्यांना!"

"नाही आत्या. हा कानोसा आहे. त्या काय बोलतात ते ऐकतो."

"माश्या बोलतात?"

"बोलतात. पण तोंडानं नाही."

मग सानिकानं सांगितलं, आणि शालनबाई पहिल्यांदाच सुनेचं सलग पाच मिनिटं बोलणं ऐकत बसल्या. हा घोस म्हणजे वाटेवरचा मुक्काम आहे. अजून घर ठरलेलं नाही. घोसातल्या काही जाणत्या माश्या घर शोधायला बाहेर पडतात. ढोली, कपार, भिंतीतलं भोक, मिळेल ते आत शिरून पाहतात. किती मोठं, दार केवढं, कोरडं आहे का, मुंग्या नाहीत ना. आवडलं की परत येऊन घोसावरच, बाकीच्यांच्या पाठीवर, अंग थरथरवत नाचतात. सरळ वर नाचली तर घर सूर्याच्या अंगाला. डावीकडं कलून नाचली तर तेवढं डावीकडं. थरथर जितकी लांब, तितकं घर लांब. आणि घर जितकं चांगलं, तितका वेळ ती नाचत राहते. वर्षानुवर्षं हजारो नाच संगणकाला दाखवून त्याला ही भाषा शिकवली आहे. तो आता ती आपल्याला आपल्या भाषेत सांगतो.

"म्हणजे स्थळं बघायला गेलेल्या बायकाच म्हण की," शालनबाई म्हणाल्या. "परत येऊन सांगणार, पोरगं असंय, घर तसंय."

"तसंच. फक्त एक फरक आहे. हिचं ऐकून दुसरी लगेच हो म्हणत नाही. स्वतः जाऊन बघून येते. पटलं तरच नाचते."

"शाण्या आहेत." शालनबाईंनी घोसाकडं कौतुकानं बघितलं. "आणि राणी कुठंय? ती हुकूम कधी सोडणार?"

सानिका जरा घुटमळली. "राणी हुकूम सोडत नाही आत्या. ती आत कुठंतरी बसलीये. बाकीच्या ठरवतील तिकडं जाईल."

"मग कसली राणी ती? आमच्या नानांसारखीच म्हणायची."

ओसरीवरून नाना खोकले.

"आणि ही राणी म्हातारी आहे," सानिका सांगायच्या भरात बोलून गेली. "जुन्या मोहोळात गर्दी झाली की म्हातारी राणी भरलेलं घर, मध, पोरंबाळं, सगळं लेकीच्या हवाली करते आणि स्वतः निम्म्या माश्या घेऊन बाहेर पडते."

शालनबाईंनी डोळे बारीक केले. "हे मला सांगतीस व्हय?"

"नाही नाही आत्या! माश्यांचं सांगतेय."

शालनबाईंना हसू आलं होतं. त्यांनी ते दाबलं. टोमणा असता तर किती बरं झालं असतं, असं त्यांच्या मनात येऊन गेलं.

*

दुसऱ्या दिवशी परसात जत्रा भरली. सानिकानं कानोशाला आवाज दिला होता, एस.टी. स्टँडवर गाड्यांची नावं पुकारणाऱ्या बाईसारखा. तो आवाज ठणकावून सांगे, "नवा नाच. दिशा उत्तर. अंतर लांब. घर उत्तम." गाव कान टवकारून बसे. शाळेतली पोरं, दूध घालून परतणारे गडी, सगळे कुंपणाशी.

आणि कुंपणाच्या पलीकडच्या अंगणात, मुद्दाम पाठ फिरवून धान्य पाखडत बसलेली रंजना.

रंजना म्हणजे शालनबाईंची धाकटी जाऊ. वाटण्या झाल्या तेव्हा सासूचा ताक घुसळायचा मातीचा डेरा रंजनाच्या वाट्याला गेला. वीस वर्षं त्या डेऱ्यात घुसळलं होतं शालनबाईंनी. रंजनानं तो नेला, महिनाभर वापरला, आणि ताक विकत मिळतं म्हणून जांभळीखाली आडवा टाकून दिला. तेव्हापासून दोघी एकमेकींशी थेट बोलत नव्हत्या. बोलायच्या त्या कुंपणाला ऐकवून.

दुपारपर्यंत चित्र स्पष्ट झालं. घोसावर तीन स्थळांची चर्चा होती. एक उत्तरेला, डोंगरापलीकडं भैरोबाच्या कड्यातली कपार. तिच्यासाठी नाचणाऱ्या माश्या वाढत चालल्या होत्या. दुसरं अगदी जवळ, पूर्वेला कुंपणापलीकडं. तिथून परतलेल्या माश्या नाचत, पण थोडकाच वेळ. आणि तिसरं स्थळ शालनबाईंची पेटी.

"पेटीचं काय म्हणतोय गं तो?" शालनबाई दर थोड्या वेळानं विचारत.

"जाऊन येतायत आत्या."

"मग नाचत का नाहीत?"

"बघू या."

तेवढ्यात एक माशी पेटीकडून आली आणि जराशी थरथरली. लगेच दुसरी धावत आली, तिनं तिच्या अंगावर डोकं आपटलं आणि बारीक पिंऽ केलं. कानोसा म्हणाला, "ठोसा. पेटीला विरोध."

कुंपणाशी हशा पिकला. "आक्कांच्या पेटीला पाडलं की हो माश्यांनी," कुणीतरी म्हणालं.

"कसला ठोसा?" शालनबाईंचा आवाज चढला.

"त्यांच्यात असं असतं," सानिका जमिनीकडं बघत म्हणाली. "एखादी चुकीच्या घरासाठी नाचत असेल, तर जिनं ते घर बघितलंय ती डोकं मारून तिला थांबवते. रागानं नाही. थांब, मी बघून आलेय, एवढंच."

ऊन वाढत होतं. घोस सैल पडायला लागला होता. उघड्यावरची वस्ती फार टिकत नाही, पोटात नेलेल्या मधावर किती दिवस काढणार? कानोसा पुनःपुन्हा उत्तर, उत्तर म्हणत होता. कडा म्हणजे डोंगरापल्याड. तिथं गेलेली माशी शालनबाईंच्या भोपळ्यावर कशाला येईल? पुन्हा पहाटेची लग्नं, पुन्हा गुडघे. आणि गावात ऐकवतील ते वेगळंच, की शालनबाईंच्या दारी आलेले पाहुणे जेवल्याबिगर गेले.

"धैर्या," त्यांनी मुलाला विचारलं, "त्या डब्यात एक खोटी माशी बी आहे म्हणत होतास ना?"

धैर्यशीलनं बायकोकडं पाहिलं. होती. तारेच्या टोकाला बसवायची, मेणाच्या अंगाची, पाहिजे तसं नाचणारी. सांगाल त्या घराची वाखाणणी करायची, म्हणून शालनबाईंनी ऐकताक्षणीच तिचं नाव "तोंडपुजी" ठेवलं होतं. एवढंच नाही, घोस उठायच्या आधी जाणत्या माश्या जो हाकारा घालतात, तोही तिला घालता येई. हाकारा झाला की सगळ्या उठतात.

"लाव ती. सांग त्यांना, पेटी झकास आहे. आणि घाल हाकारा." शालनबाई सुनेकडं वळल्या. "सानिके, लाव."

"हो आत्या" ऐकायची सवय इतकी की कुंपणाशी उभी असलेली पोरंही त्याचीच वाट बघत होती.

"नाही आत्या," सानिका म्हणाली.

ओसरीवर नानांनी रेडिओ बंद केला.

"काय म्हणालीस?"

"नाही म्हणाले. मी लावणार नाही." सानिका डब्यासमोर आडवी उभी राहिली. "खोटं सांगून त्यांना पेटीत नेता येईल. पलीकडच्या खोऱ्यात एकानं नेलंही. दोन दिवस राहिल्या आणि तिसऱ्या दिवशी सगळ्याच्या सगळ्या निघून गेल्या. पुन्हा दिसल्या नाहीत. आपली पेटी त्यांना नको आहे आत्या. तिला कापराचा वास आहे. धुपाचा आहे. त्यांना तो सोसत नाही. किती धुतली तरी आठवडाभर जाणार नाही."

"आणि हे तू आत्ता सांगतीस? काल तोंडात काय होतं?"

"काल तुम्ही इतक्या खुशीत होतात... मला भीती वाटली. चुकलंच माझं. पण म्हणून आज दुसरी चूक करणार नाही."

कुंपणापलीकडून सूप आपटल्याचा आवाज आला. "कुंपणा, ऐकलंस का रे?" रंजना म्हणाली. "सुनेनं बरोबर कपाळात ठोसा मारला!"

शालनबाईंचं तोंड लाल झालं. चारचौघांत, आणि त्यातही रंजनाच्या देखत! त्या काही न बोलता वळल्या, तरातरा गोठ्याकडं गेल्या. कुणाला वाटलं पेटी फोडतात की काय. त्यांनी पेटीचं झाकण काढलं, गुडघ्यावर बसल्या आणि आपलं डोकं आत घातलं.

आतून दणदणीत शिंक आली. मग आणखी एक.

डोकं बाहेर आलं तेव्हा डोळे वाहत होते. शालनबाई तशाच बसून राहिल्या. सानिकाला सुचेना, जवळ जावं की न जावं.

"ज्या घरात पाऊल टाकलं की शिंक येते," शालनबाई हळूच म्हणाल्या, जणू पेटीलाच, "तिथं कोण नांदंल?" मग पदरानं नाक पुसून त्यांनी सुनेकडं बघितलं. "ते पूर्वेचं स्थळ कुठलं?"

सानिकानं चोरून कुंपणाकडं पाहिलं.

"बोल. उघडलंयस तोंड, तर अर्धं नको उघडू."

"काकींचा डेरा. जांभळीखालचा."

शालनबाईंनी आभाळाकडं पाहिलं. सासू वर बसून हसत असणार, अशी त्यांची खात्री झाली.

"मग त्यासाठी जास्त का नाचत नाहीत?"

"डेरा चांगला आहे. कोरडा, सावलीत, जाड मातीचा. पण त्याचं तोंड मोठं आहे. पाऊस आत येईल, पाल आत येईल. दार लहान असतं, बोटभर, तर तो कड्याच्या कपारीला भारी ठरला असता. खोटं सांगायची गरजच नाही आत्या. घर चांगलं केलं की त्याच खरं सांगतील."

शालनबाई उठल्या. गोठ्यातून शेणमातीचं घमेलं घेतलं, चुलीजवळची फळी काखेत मारली आणि कुंपणाचं फाटक लाथेनं उघडलं. ते इतकं गंजलं होतं की उघडताना रडलं.

"थोरल्या जाऊबाई," रंजना उभी राहिली. "माझ्या अंगणात कुठं?"

"तुझ्या नाही, माझ्या सासूच्या डेऱ्याकडं चाललेय."

"वाटणीत मला आलाय तो."

"आलाय म्हणून आडवा टाकलायस? सरक."

"सरकते, पण लिंपण माझं बघा. तुमच्या लिंपणाला भेगा पडतात."

"माझ्या? अगं, हे घर सारवून माझी बोटं झिजली, तवा तू माहेरी गजगं खेळत होतीस!"

दोघी डेऱ्याशी बसल्या. डेऱ्यातली कोळिष्टकं रंजनानं काढली. फळी तोंडाला बसवली, कडा शेणमातीनं बुजवल्या. खाली एक फट ठेवायची होती. शालनबाईंनी आपली करंगळी मातीत खुपसली आणि फिरवून काढली. सुबक दार झालं. रंजनाचा हात सवयीनं कमरेच्या कुंकवाच्या चंचीकडं गेला.

"कुंकू लावायचं न्हाई," शालनबाई खेकसल्या. "अगरबत्ती न्हाई, कापूर न्हाई. हात जोड लांबूनच."

"आक्का, आता मला शिकवा की," रंजना म्हणाली. आज कितीतरी वर्षांनी ती कुंपणाशी नाही, थेट जावेशी बोलत होती.

*

ओल जरा सुकली तशी पहिली माशी आली. करंगळीच्या दारातून आत गेली. बराच वेळ बाहेर आली नाही.

मग कानोसा बोलला. "नवा नाच. दिशा पूर्व. अंतर जवळ. घर उत्तम."

ती माशी नाचली ती थांबेचना. तिच्यामागं दोघी गेल्या, बघून आल्या, नाचल्या. कड्याकडच्या माश्या हटायला तयार नव्हत्या. घोसावर खरी हातघाई सुरू झाली. ठोसा इकडून, ठोसा तिकडून. पण कड्याच्या बाजूची एखादी माशी कुतूहलानं डेऱ्याकडं चक्कर टाके आणि परत येऊन गप्प होई. कड्याचे नाच विरत गेले. संध्याकाळी कानोसा फक्त पूर्व म्हणत होता.

"हरलेल्या रुसत न्हाईत?" शालनबाईंनी विचारलं.

"नाहीत. घर सगळ्यांचंच असतं ना."

सकाळी ऊन अंगावर आलं आणि घोसातून हाकारा उठला, खराखुरा. फांदी एका झटक्यात मोकळी झाली. माश्यांचा लोट शालनबाईंच्या डोक्यावरून, कुंपणावरून गेला आणि जांभळीखाली उतरला. डेऱ्याचं तोंड तपकिरी झालं. करंगळीएवढ्या दारातून माश्या आत ओघळत राहिल्या, जसं दाणे कणगीत ओततात. त्यांत कुठंतरी म्हातारी राणीही चालत गेली असेल. ती कुणालाच दिसली नाही.

गाव टाळ्या वाजवत होतं. शालनबाई वाजवत नव्हत्या. पाहुणे आपल्या दारातून जावेच्या दारात गेले होते, हे काही गोड नव्हतं.

आठवड्यानं त्या पहाटे उठल्या, वेलात गेल्या, नर फूल खुडलं आणि मादी फूल शोधायला वाकल्या. फुलात आधीच एक माशी होती, अंगभर पिवळी झालेली. ती घाईनं बाहेर आली, पुढच्या फुलात शिरली. शालनबाई हातातलं फूल धरून उभ्या राहिल्या. सगळ्या वेलावर तेच चाललं होतं. कुंपण माश्यांना कुणी सांगितलंच नव्हतं.

खुडलेलं फूल त्यांनी अंबाड्यात खोचलं आणि त्या घरात आल्या. न्याहारीला सगळे बसले होते. फाटकातून रंजनाही आली होती. डेरा कसा घुमतोय ते सांगायला ती रोजच यायला लागली होती. सानिकानं पिठल्याचा घास घेतला आणि थांबली. हात पाण्याच्या तांब्याकडं गेला. मग तो परत आला.

"आत्या, पिठलं खारट झालंय."

धैर्यशीलनं मान खाली घातली. नानांचा हात रेडिओच्या बटणावर गेला. रंजना पुढं सरकून बसली.

शालनबाईंनी घास घेतला, चावला, गिळला. पिठलं खारट होतं. त्यांनी ताट बाजूला सारलं, सुनेला मनगटाला धरून उठवलं आणि माजघरात नेऊन दार लोटून घेतलं. तरी त्यांचा आवाज ओसरीपर्यंत आला.

"हे बघ सानिके. वर्षभर तू या घरात पाहुणी होतीस, आता सून झालीस. मी चुकले की बोलायचं. तोंडावर बोलायचं. माश्या मारतात तसं डोकं मारलंस तरी चालंल. पण दोघीच असताना. त्या रंजीच्या म्होरं न्हाई!"